काम जीवाचं आहे, पण वरची माणसं सांभाळत नाहीयेत, थांबू की निघू?

पत्र, थोडं कापून:

"ताई, घरातल्या हिंसाचारातून बाहेर पडू बघणाऱ्या बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मी सहा वर्षं आहे, आता टीम लीड आहे. हेल्पलाइन आणि निवारा दोन्ही आमच्याकडे. दोन वर्षांपूर्वी नवीन डायरेक्टर आल्या, तेव्हापासून घडी विस्कटलीये. प्रायॉरिटी सारख्या बदलतात, निर्णय बंद दाराआड होतात, आणि ताण होतोय म्हटलं की 'आपण इथे पैशासाठी आलोय का?' असं ऐकवतात. टीममधले चार जण गेले, जागा भरल्या नाहीत, त्यांच्या बऱ्याचशा शिफ्ट मीच करते. स्टाफ सर्व्हे झाला, त्याचा निकाल कुणाला दाखवला नाही. मिटिंगमध्ये सगळे गप्प आणि नंतर व्हॉट्सॲपवर धुसफूस. मला झोप लागत नाही. मी फार कडवट झालेय, आधी अशी नव्हते. सोडावंसं वाटतं, पण मी गेले तर त्या बायकांचं काय? बोर्डाकडे जाऊ का? तोवर टीमला कसं धरून ठेवू? इथूनच गेलेली एक मैत्रीण तिच्या संस्थेत बोलावतेय, पण हो म्हटलं तर गद्दारी केल्यासारखं वाटेल. – दमलेली"

दमलेली,

झोप लागत नाही हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस, मी मात्र तिथूनच सुरू करते. रात्रीच्या शिफ्टमुळे झोपेचं चक्र बिघडलंय, की दिवसभर ऐकलेले आवाज रात्री डोक्यात फिरतात, की उद्याच्या मिटिंगच्या विचाराने छातीत धडधडतं, ह्या तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत, त्यामुळे ह्याच आठवड्यात डॉक्टरला दाखव आणि काम कसलं करते ते त्यांना स्पष्ट सांग. हेल्पलाइनवर वर्षानुवर्षं मारहाणीच्या गोष्टी ऐकणाऱ्यावर त्याचा परिणाम होतोच, डायरेक्टर कितीही चांगली असली तरी होतो. म्हणून अशा कामात प्रत्येकाला नियमित सुपरव्हिजन लागतं, म्हणजे जिच्या हातात तुझं प्रमोशन नाही अशा अनुभवी व्यक्तीशी केसेसबद्दल मोकळं बोलायची ठरलेली वेळ. तुझ्या अख्ख्या पत्रात ह्याचा उल्लेखही नाही. तुमच्याकडे ते बंद पडलं असेल किंवा कधी नव्हतंच, तर पहिली लेखी मागणी ह्याचीच कर.

आता बर्नआउट. क्रिस्टिना मॅस्लाक ह्या मानसशास्त्रज्ञ कितीतरी दशकं ह्या विषयावर काम करतायत आणि त्यात त्या तीन गोष्टी बघतात: माणूस आतून रिकामा होणं, ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याबद्दलच कोरडं होत जाणं, आणि आपल्या हातून काही होतच नाहीये असं वाटायला लागणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटला जागा दिली तेव्हा आजार म्हणून नाही दिली, कामाच्या ठिकाणचा ताण नीट हाताळला गेला नाही की होणारी अवस्था म्हणून दिली. हे मुद्दाम सांगतेय कारण तुझ्या पत्राचा सूर असा आहे की मीच कुठेतरी कमी पडतेय, थोडं ध्यान केलं, वेळेचं नियोजन केलं तर जमेल. चार माणसांचं काम एका माणसाने केलं तर ती थकणारच ना गं. मॅस्लाक आणि मायकल लायटर ह्यांनी कामाची सहा अंगं मांडलीत जिथे माणूस आणि नोकरी ह्यांचं जुळेनासं होतं: कामाचा बोजा, हातातला अधिकार, मोबदला, सोबतची माणसं, न्याय आणि मूल्यं. तू कागद घेऊन बस आणि तुझं कुठे मोडलंय ते लिही. मला वाचताना वाटलं की बोजा तर आहेच, पण तुला जास्त सलतोय तो न्याय आणि अधिकार. सुट्टी घेऊन आलीस आणि दुसऱ्याच दिवशी सगळं जसंच्या तसं अंगावर आलं असेल, तर समज की सुट्टीने सुटणारा हा प्रश्न नाही.

त्या 'पैशासाठी आलोय का' वाल्या वाक्याबद्दल मला खूप राग आला, ते लपवत नाही. ध्येयासाठी काम करणाऱ्या माणसाला असं बोलून गप्प करणं फार सोपं असतं आणि त्याचा अभ्यासही झालाय. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या ॲरन के आणि सहकाऱ्यांचं संशोधन आलं, त्यात दिसलं की एखाद्याला त्याचं काम मनापासून आवडतं असं कळलं की लोकांना त्याच्याकडून बिनपगारी, जास्तीचं, कामाशी संबंध नसलेलं काम करून घेणं अधिक योग्य वाटायला लागतं. कारण मनात कुठेतरी हिशोब होतो की हिला आवडतंय ना, मग काय झालं, आणि शिवाय संधी मिळाली असती तर हे काम हिने आपणहून केलंच असतं. म्हणजे तुझी तळमळच तुझ्याविरुद्ध वापरली जातेय, आणि वापरणाऱ्याला आपण काही चुकीचं करतोय असं वाटतही नाही.

त्याच्या आधी, २००९ मध्ये, प्राणिसंग्रहालयांमध्ये जनावरांची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यांवर बंडरसन आणि थॉम्प्सन ह्या दोघांचा अभ्यास आला होता, तो मला तुझं पत्र वाचताना सारखा आठवत होता. हे लोक बरेचदा शिकलेले, पगार कमी, काम कष्टाचं आणि घाणीचं, तरी सोडून जायला तयार नसतात कारण हे आपलं जन्माचं काम आहे असं त्यांना वाटतं. ज्यांना असं वाटतं ते पैशाचा, वेळेचा, आरामाचा त्याग जास्त करतात, त्यामुळे व्यवस्थापनाला त्यांचा फायदा घेणं सोपं जातं. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की हेच लोक व्यवस्थापनाकडून अपेक्षाही जास्त ठेवतात, संस्थेने कर्तव्यात कसूर केली की त्यांना ते आरपार लागतं. तू लिहिलंयस की 'मी फार कडवट झालेय, आधी अशी नव्हते'. मला तो कडवटपणा वाटत नाही. तुझा राग आणि तुझी माया एकाच ठिकाणाहून येतात. ज्या दिवशी डायरेक्टरच्या निर्णयाने तुला काहीच वाटेनासं होईल त्या दिवशी मला जास्त काळजी वाटेल.

आता थोडं डायरेक्टरच्या बाजूने बघू, बचाव म्हणून नाही, नेमकं काय बिघडलंय ते कळावं म्हणून. अशा संस्थांना पैसा बहुतेक वेळा ठरावीक प्रोजेक्टसाठी मिळतो, पगार, ऑफिस, ट्रेनिंग, हिशोबनीस ह्यांच्यासाठी द्यायला देणगीदार नाखूश असतात, मग संस्था हे खर्च कमी दाखवतात, देणगीदारांना वाटतं एवढ्यातच भागतं, पुढच्या वेळी ते आणखी कमी देतात, आणि दर फेरीला संस्था आतून अजून पोकळ होते. असंही असेल की तुमच्या रिकाम्या जागांसाठी खरंच पैसा नाहीये आणि त्या बाई दर थोड्या दिवसांनी नव्या फंडरच्या मागे धावतायत म्हणून प्रायॉरिटी बदलतायत. तसं असेल तर त्यांनी ते तुम्हाला सांगायला हवं होतं. पैसा नसणं ही अडचण झाली, पण अडचण लपवून वर तुमच्याच निष्ठेवर प्रश्न विचारणं हे वाईट नेतृत्व आहे आणि ते फंडिंग आलं तरी सुधारत नाही.

ओळखायचं कसं? एक छोटी, खरी, वाईट बातमी त्यांना एकटीला भेटून सांग, बरोबर एक स्पष्ट मागणी ठेव, आणि पंधरा दिवस बघ काय होतं. मदत हवीये असलं मोघम नको, 'मंगळवार आणि गुरुवारच्या रात्री हेल्पलाइनवर एकच माणूस असतं, दुसरा फोन आला तर घेता येत नाही, ह्या दोन रात्रींसाठी माणूस द्या नाहीतर वेळ कमी करा' असं बोल. भांबावलेली पण भली बॉस काहीतरी हालचाल करते, निदान परत येऊन 'मला जमत नाहीये, कारण असं' एवढं तरी सांगते. दुसऱ्या प्रकारची बॉस विचारते की तुझ्याशिवाय अजून कोण असं बोलतंय. हे उत्तर आलं तर तुला हवी ती माहिती मिळाली.

आणि इथे मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते येतं. तुझी संस्था चालतेय असं वरून दिसतं ते तुझ्यामुळे. छत गळतंय, तू रात्रभर खाली बादल्या बदलतेस, सकाळी बोर्ड येऊन बघतं तर फरशी कोरडी. चार माणसं गेली, एकही शिफ्ट चुकली नाही, रिपोर्टमधले आकडे तेवढेच, मग जागा भरायची घाई कुणाला वाटणार? तू हे त्या बायकांसाठी करतेस हे मला कळतं. पण तू किती दिवस पुरणार? ज्या दिवशी तू कोसळशील त्या दिवशी कसलीही तयारी नसताना लाइन बंद पडेल, आणि ते त्या बायकांसाठी आजच्यापेक्षा कितीतरी वाईट असेल.

तर उद्यापासून फोन घेऊ नको असं मी म्हणतेय का? अजिबात नाही. जीव धोक्यात असलेल्या बाईचा फोन न घेऊन कुणाला धडा शिकवायचा नसतो, ह्या बाबतीत माझ्या मनात काहीही शंका नाही. पण तू जे जे करतेस ते सगळं काही जीवाशी नाहीये. तुझी कामं दोन ढिगांत वाटून टाक. एका बाजूला लाइन, निवाऱ्यातल्या बायकांची सुरक्षितता, कोर्टाच्या किंवा पोलिसांच्या तारखा, मुलांची सोय. दुसऱ्या बाजूला फोटो, न्यूजलेटर, पाहुण्यांना संस्था दाखवणं, त्याच माहितीचा तिसरा रिपोर्ट, रविवारचा कार्यक्रम. दुसरा ढीग हळूहळू खाली ठेव, चिडून नको, आधी कळवून. आणि पहिल्या ढिगाबद्दल डायरेक्टरला ईमेल लिही, सरळ आणि थंड डोक्याने: सध्याच्या माणसांत आपण आठवड्याचे इतके तास सुरक्षितपणे चालवू शकतो, जाहीर केलेले तास इतके आहेत, फरक एवढा पडतो, पुढच्या महिन्यापासून मी माझ्या शिफ्टशिवाय अमुकच जादा शिफ्ट करू शकेन, तर कोणते तास बंद ठेवायचे किंवा माणूस कुठून आणायचं ते कृपया ठरवून कळवा. बघ, निर्णय त्यांचाच होता, आजवर तू तो गुपचूप स्वतःच्या अंगावर घेत होतीस. ही ईमेल एकदम पाठवू नकोस, आधी टीममधल्या दोघींना वाचायला दे, रागाचा एखादा शब्द राहिला असेल तर त्यांना दिसेल.

कुणी म्हणेल ह्याने संस्थेचं नाव खराब होईल. गप्प बसण्याची किंमत काय असते त्याचं एक मोठं उदाहरण सांगते. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया हे अवकाशयान परतताना तुटलं, कल्पना चावलासकट सात जण गेले. उड्डाणाच्या वेळी इंधनाच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता, यान वर असतानाच काही इंजिनिअर्सना काळजी वाटत होती, पंखाचे फोटो मिळावेत म्हणून त्यांनी प्रयत्न केले, पण ते फोटो काही घेतले गेले नाहीत. चौकशी मंडळाचा अहवाल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला, त्यात स्पष्ट म्हटलंय की ह्या अपघाताला तो फोम जेवढा कारणीभूत होता तेवढीच नासाची संस्थात्मक संस्कृतीही होती. तिथल्या लोकांच्या ध्येयात खोट नव्हती आणि हुशारीतही नव्हती, पण वाईट बातमी वरपर्यंत पोचायची वाटच अडलेली होती. तुमच्या मिटिंगमधली शांतता मला म्हणून साधी वाटत नाही. उद्या कुणाच्या लक्षात आलं की निवाऱ्याचा पत्ता बाहेर फुटलाय, तर ते मिटिंगमध्ये बोलायची तिची हिंमत होईल का?

म्हणजे बोर्डाकडे जायचं का? जायचं, पण अपेक्षा नीट ठेवून. डायरेक्टरला बोर्डानेच निवडलेलं असतं आणि संस्थेची जवळजवळ सगळी माहिती बोर्डाला तिच्याकडूनच मिळते, त्यामुळे 'त्या नीट वागत नाहीत' एवढ्यावर बोर्ड सहसा हलत नाही. पैशाची अफरातफर, छळ, किंवा ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांनाच धोका, असं काही असेल तर हलावंच लागतं. तुझ्याकडे शेवटचं आहे. म्हणून डायरेक्टरचा स्वभाव हा विषय काढूच नको. एक पान लिही: किती जागा किती महिने रिकाम्या, किती वेळा लाइनवर एकटं माणूस, कोणत्या तारखेला हे कळवलं, काय उत्तर आलं, सर्व्हे कधी झाला आणि त्याचा निकाल कधी मांडणार. खाली दोनच मागण्या, सर्व्हेचा निकाल बोर्डासमोर आणि स्टाफसमोर ठेवा, आणि बाहेरच्या कुणाकडून स्टाफशी बोलून आढावा घ्या. असं होतच नाही असं समजू नकोस, मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या ॲम्नेस्टी इंटरनॅशनलसारख्या जगभर मान असलेल्या संस्थेने २०१९ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांकडून करून घेतलेला आढावा प्रसिद्ध केला होता आणि त्यात त्यांच्याच ऑफिसातल्या विषारी वातावरणाबद्दल, दादागिरीबद्दल कडक शब्दांत लिहिलेलं होतं.

एकटी जाऊ नको. तिघी-चौघींच्या सह्या असल्या की ते एकीचं भांडण राहत नाही. आधी तक्रार निवारणाची किंवा व्हिसलब्लोअरची, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणाऱ्यासाठीची, पॉलिसी आहे का ते बघ आणि वाच, युनियन असेल तर त्यांच्याशी, नाहीतर कामगार कायदा कळणाऱ्या वकिलाशी बोल, कारण सूड उगवला जाऊ शकतो आणि त्यापासून संरक्षण किती हे ज्या त्या ठिकाणच्या कायद्यावर आहे. तारखांची नोंद स्वतःच्या वहीत ठेव. पण एक गोष्ट हात जोडून सांगते, पुरावा म्हणून कुठल्याही बाईची केस फाइल, नाव, फोन नंबर, चॅट स्वतःच्या ईमेलवर पाठवू नकोस, फोटो काढू नकोस. तिचा जीव त्या गोपनीयतेवर आहे, आणि शिवाय तुझ्यावर कारवाई करायला आयतं कारण मिळेल ते वेगळंच.

टीमचं मोरल, म्हणजे उमेद, वाढव म्हणून मी तुला सांगणार नाही, वरून जे मोडतंय ते तुझ्या गोड बोलण्याने सांधलं जाणार नाही. 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' हे तर म्हणूच नको. तुझ्या हातात आहे ते एवढंच की तुझ्यापुरत्या कोपऱ्यात खरं बोललं तर शिक्षा होत नाही असं असावं. एमी एडमंडसन ह्या संशोधिकेने नव्वदच्या दशकात हॉस्पिटलच्या टीम्स तपासल्या, तेव्हा चांगल्या टीम्समध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या, आधी उलटंच वाटलं, मग लक्षात आलं की तिथे लोक चूक झाली की सांगत होते, बाकी ठिकाणी झाकत होते. तर शिफ्ट बदलताना दहा मिनिटं ठेव, आज काय चुकलं, काय जड गेलं, आणि कुणी काही मागितलं तर 'विचारलं, नाही म्हणाले' एवढं का होईना पण परत येऊन सांग. व्हॉट्सॲपवरच्या धुसफुशीत मात्र तू लीड असताना उतरू नको, रात्री अकराला सगळ्यांचा राग वाचून तुझी उरलीसुरली झोप जाते आणि सकाळी मिटिंगमध्ये पुन्हा सगळे गप्पच.

आता निघायचं का. अल्बर्ट हर्शमन ह्या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये मांडलं होतं की संस्था घसरायला लागली की माणसापुढे दोन वाटा असतात, निघून जाणं किंवा आवाज उठवणं, आणि निष्ठा असली की माणूस लगेच निघत नाही, आधी बोलून बघतो. नायजेरियातली रेल्वे बघताना त्याच्या लक्षात आलं होतं की ज्यांना वाईट सेवा सगळ्यात जास्त खुपते तेच सगळ्यात आधी माल पाठवायला ट्रककडे वळतात, आणि मग रेल्वेवर ओरडणारं कुणी उरत नाही. तुमचे चार जण असेच गेले, गुपचूप. तू बोलून जा. म्हणून तारीख ठरव, आजपासून तीन महिने धर, तेवढ्यात ती ईमेल आणि ते बोर्डाचं पान जाऊ दे. निदान एक जागा भरली, सर्व्हे समोर आला, तुझ्या जादा शिफ्ट थांबल्या, ह्यातलं काही झालं तर पुन्हा विचार कर. काहीच झालं नाही तर राजीनामा दे. ही तारीख घरातल्या कुणाला तरी सांगून ठेव, नाहीतर ती पुढे सरकत राहील.

'त्या बायकांचं काय' ह्याचं उत्तर नीट हँडओव्हर हे आहे. प्रत्येक बाईला आधी सांगून, नवीन माणसाशी ओळख करून देऊन, पुढच्या तारखा लिहून मग जा, सहा वर्षांत तू जे शिकलीस, कुठल्या ऑफिसात कोण मदत करतं, कुठला फॉर्म कुठे अडतो, ते सगळं कागदावर उतरव. त्या बायकांना तू रोज हेच सांगतेस ना की तुला त्रास होतोय तिथून बाहेर पडणं हा गुन्हा नाही. तुझी परिस्थिती त्यांच्याइतकी भीषण नाहीये हे मला माहितीये, पण हे वाक्य तुलाही लागू पडतं.

मैत्रिणीला फोन कर, ह्याच आठवड्यात, नुसतं बोलायला. हो म्हणायची सक्ती नाहीये. ती पण तेच काम करतेय, त्याच बायकांसाठी, दारावरच्या पाटीवरचं नाव वेगळं आहे एवढंच, मग गद्दारी कुणाशी? पण भारावून जाऊ नको, तिला खोदून विचार: दोन वर्षांत किती जण सोडून गेले आणि का, सुपरव्हिजन कोण देतं, एकट्याने शिफ्ट करावी लागते का, स्टाफने सांगितलं म्हणून वरच्यांनी एखादा निर्णय बदललाय असं शेवटचं कधी झालं. ह्या शेवटच्या प्रश्नावर ती अडखळली तर अजून कुणा दोघांशी बोल तिथल्या, जमलं तर तिथून सोडून गेलेल्या एखादीशी.